भाज्या घशाखाली उतरत नाहीत, येळवशीच्या आत काही जमंल का?

बिनभाजीचा_लातूरकर
नमस्कार मंडळी. वय 28, मूळ लातूर, नोकरीला संभाजीनगर. लहानपणापासून माझं जेवण म्हणजे पिठलं, वरण, शेंगदाण्याची चटणी, अंडी आणि बटाटा, संपला विषय. वांगं, दोडका, भोपळा, पालक तोंडात गेला की उमासेच येतात, नाटक नाही हो, डोळ्यात पाणी येतंय खरंच. आजी लाडानं चटणी-भाकर द्यायची म्हणून घरी खपून गेलं. आता औंदा लग्न झालंय, सासुरवाडी औसा तालुक्यात, आणि पहिल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात बोलावलंय. तिथं काय असतंय ते इथल्या लोकांना सांगायला नको, भज्जी आलीच, म्हणजे अख्खा मळा एका पातेल्यात, आणि सासूबाई समोर बसून वाढणार. बायको म्हणती दोन घास खा आणि गप बस, पण मला दोन घास नको, मला खरंच आवडायला पाहिजेत भाज्या, डॉक्टरपण बद्धकोष्ठावरून बोलले मागच्या टायमाला. मोठेपणी जीभ बदलती का? कुणाची बदललीय का?

अंबाजोगाईची_काकू
बदलती की. पण बाळा आधी एक सांग, तुला चव नको का वास नको का ते लिबलिबीत लागतंय ते नको? कारण तू जी नावं घेतलीस त्या सगळ्या भाज्या शिजून मऊ होणाऱ्या आहेत. बटाटा चालतो, अंडं चालतं, चटणी चालती, म्हणजे मला तरी वाटतंय तुझं भांडण भाजीशी नाही, गिचक्याशी आहे. मेसवाले आणि आमच्यासारख्या घाईतल्या बायका झाकण ठेवून पाणी घालून शिजवतो ना, त्यानं होतंय ते.

तर मऊ भाजीपासून सुरूच करू नको, कच्च्यापासून कर. आता मेथी कोवळी येती बाजारात, तिचा घोळाणा कर. पानं धुवून चांगली कोरडी करायची, बारीक चिरायची, त्यात दाण्याचं जाडसर कूट, लाल तिखट, मीठ आणि वरून कच्चं करडईचं तेल, हातानं कालवायचं आणि लगेच खायचं, ठेवलं की पाणी सुटून बसतंय. कूट आधी भाजीपेक्षा जास्त पडलं तरी चालतंय, हळूहळू कमी कर. तुला दाण्याची चटणी आवडतीच, तिच्यातच थोडा पाला आला असं समज. कांद्याच्या पातीचा पण होतो. दोडक्याचं म्हणशील तर गर आत्ता राहू दे, शिरा आणि सालं तेलावर कुरकुरीत होईस्तोवर परत, तीळ आणि लसूण घालून खलबत्त्यात कुट, भाकरीबरोबर दोडका आहे हे लक्षात पण येत नाही.

भेंडी खातोस का? नसशील तर धुवून पुसून वाळव मग चीर, चांगल्या तापल्या तेलात टाक, झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी, आणि अर्ध्यात एक आमसूल नाहीतर चमचाभर दही. तार सुटत नाही मग.

परभणीचा_मास्तर
काकूंचं बरोबर आहे, पण चवीचाही भाग असतो बरं का. 1931 मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पावडर उडाली, शेजारच्याला तोंड कडू झालं आणि ह्याला काहीच लागेना. त्यातून पुढं कळलं की ठरावीक कडवटपणा कुणाला लई लागतो, कुणाला जवळपास लागतच नाही, आणि हे बरंचसं जनुकावर आहे. टीएएस2आर38 म्हणतात त्याला. कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या कुळातल्या भाज्यांच्या बाबतीत हे जास्त दिसतं. त्यात कोबी जास्त शिजवला की गंधकाचा वास सुटतो तो वेगळाच. त्यामुळं "नखरे करतोय" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता सवयीचं. लहान मुलांवरच्या अभ्यासात दिसलंय की नको असलेली भाजी थोडी थोडी, साधारण 8 ते 15 वेळा पुढं आली की बरीच मुलं ती खायला लागतात, अट एवढीच की जबरदस्ती नको. मोठ्यांनाही हाच रस्ता. एका वेळी एकच भाजी धरा, चिमूटभर, आवडीच्या ताटात बाजूला. उमासा आला की थांबा, ढकलत गिळलं तर उलटं होतं, मेंदू ती भाजी आणि मळमळ एकत्र नोंदवून ठेवतो. आणि खाण्याच्या भीतीनं वजन उतरत असेल किंवा मोजकेच पदार्थ उरले असतील तर डॉक्टरांना नीट सांगा, तो वेगळा त्रास असू शकतो.

हॉस्टेल_नांदेड
भाऊ एवढं सायन्स कशाला, चार दिवस उपाशी ऱ्हा, दगड पण गोड लागतील 😂

अंबाजोगाईची_काकू
@हॉस्टेल_नांदेड असले सल्ले देऊ नको रे, उपाशी माणूस वडापाव हुडकतो, पालक नाही.

बिनभाजीचा_लातूरकर
काकू, मेथीचा घोळाणा केला. कडू लागला पण लागला तसा, उमासा नाही आला, दुसऱ्यांदा मीच कूट कमी घातलं. सालाची चटणी तर बायकोच्या आधी मी संपवली. वांगं मात्र अजून नाही, त्या बिया बघितल्या की होईना. आता भज्जीचं सांगा कुणीतरी, दिवस जवळ यायले.

औशाची_लेक
दाजी, घाबरू नका, आमच्याकडंच येताय 😄 भज्जी तुम्हाला वाटती तशी पातळ रस्साभाजी नसती. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभऱ्याचे दाणे, शेंगदाणे आधी शिजवतात, मग मेथी, चुका, पातीचा कांदा, गाजर असं जे वावरात असंल ते, आणि शेवटी चिंचेचं पाणी न बेसन लावून घोटून घट्ट करतात. लसणाची फोडणी जोरात असती. म्हणजे निम्मं पिठलंच की, आणि पिठलं तुम्ही खाता. दाणे चावायला लागतात, त्यामुळं गिळगिळीत वाटत नाही. पहिला घास गरम असतानाच बाजरीच्या उंड्यासोबत, म्हणजे पिठाच्या वाफवलेल्या गोळ्यासोबत घ्या, गार झाली की दाटून बसती, मग तुमच्यासारख्याला अवघड. मध्ये मध्ये आंबील घोटभर, आंबट ताकानं तोंड साफ होतंय.

वांगं बऱ्याच घरी घालतात, पण मोठ्या फोडी असतात, दिसतात. सासूबाईंना आधी लेकीकडून कळवा, म्हणाव जावयाला वांगं सोसत नाही. त्या वाईट मानणार नाहीत, उलट वावरातल्या कडब्याच्या कोपीत पूजेला नारळ फोडस्तोवर अख्ख्या भावकीत सांगून मोकळ्या होतील, ते तेवढं सोसा. आणि गव्हाच्या खिरीला जागा ठेवा, तिला कुणी नाही म्हणू देत नाही.