सिडनी: फ्लॅटची पार्किंगची जागा बाहेरच्याला भाड्याने दिली तर पार्किंग लेव्ही (जागेवरचा राज्य सरकारचा वार्षिक कर) कोणाच्या डोक्यावर?

कुंपण:
पॅरामॅटा स्टेशनजवळचा दोन बेडरूमचा फ्लॅट, भाड्याने दिलेला. बेसमेंटमधली एक जागा फ्लॅटसोबतच आहे. भाडेकरूकडे गाडी नाही, त्याला जागा नको. जवळच्या ऑफिसातला एक जण महिना २०० डॉलर द्यायला तयार आहे. एजंट म्हणतो, "राहत्या इमारतीला पार्किंग स्पेस लेव्ही लागतच नाही, बिनधास्त द्या." स्ट्राटा मॅनेजर (इमारतीचा कारभार बघणारा) म्हणतो, "लागेल, आणि ती ओनर्स कॉर्पोरेशन (सगळ्या फ्लॅटमालकांची संस्था) भरणार नाही." खरं कोणाचं? आणि लागली तर त्या २०० डॉलरमधून हातात काय राहतं?

पाटवडी:
मॅनेजरचं खरं. एजंटचा नेहमीचा घोळ आहे हा. माफी इमारतीला नसते, जागेच्या वापराला असते. त्याच इमारतीत किंवा लागून असलेल्या आवारात राहणाऱ्याची गाडी लावायला ठेवलेली जागा लेव्हीतून सुटते, तीही फक्त त्याच कामासाठी ठेवली असेल तर. सोमवार ते शुक्रवार ऑफिसवाला आणि शनिवार-रविवार भाडेकरूचे पाहुणे, असं केलंत तरी माफी गेली.

आता दराचं. ही लेव्ही १९९२ साली आली तेव्हा जागेमागे वर्षाला २०० डॉलर होती. २००९ च्या नव्या कायद्याने पहिल्या गटाला (सिडनी शहराचा मध्यभाग, नॉर्थ सिडनी आणि मिल्सन्स पॉइंट) २,००० आणि दुसऱ्या गटाला (पॅरामॅटा, चॅट्सवूड, सेंट लिओनर्ड्स, बाँडाय जंक्शन) ७१० असा दर झाला. तिथून तो महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढत आलाय. चालू वर्षाचा आकडा रेव्हेन्यू एनएसडब्ल्यूच्या (न्यू साउथ वेल्स राज्याचं कर खातं) पानावर असतो, तोच धरा.

तुमचे २०० गुणिले १२ म्हणजे २,४०० डॉलर. २००९ चा जुना ७१० चा दर धरला तरी त्यातले जवळजवळ ३० टक्के गेले, आजच्या दराने त्याहून जास्त. हीच जागा शहराच्या मध्यभागी मार्टिन प्लेसजवळ असती तर जुन्या दरानेसुद्धा हातात ४०० उरले असते, म्हणजे हातात तेवढंच राहायला भाडं दीडपटीहून जास्त मागावं लागलं असतं. म्हणूनच शहरातल्या जागांचं भाडं ऐकून लोकांचे डोळे पांढरे होतात, त्यात मालकाचा हावरेपणा वाटतो तेवढा नसतो.

जागा लेव्हीच्या हद्दीत येते का, हे पोस्टकोडवरून ठरवू नका. २१५० मध्ये पॅरामॅटाही आहे आणि हॅरिस पार्कही. हद्द नकाशावर रस्त्यारस्त्याने आखलेली आहे, त्यात आपली गल्ली शोधा.

गवतीचहा:
पाटवडी, एक भर. "ओनर्स कॉर्पोरेशन भरणार नाही" हे मॅनेजरचं म्हणणं दरवेळी खरं नसतं. आधी स्ट्राटा प्लॅनचं (इमारतीत कोणता हिस्सा कोणाचा ते दाखवणारा नोंदणीकृत नकाशा) बेसमेंटचं पान काढा. जागेच्या चौकोनात "पीटी १४" असं काही लिहिलेलं असेल (१४ हा फ्लॅटचा लॉट नंबर, म्हणजे नकाशातल्या तुमच्या हिश्श्याचा क्रमांक) तर जागा तुमच्या लॉटचाच भाग, लेव्ही तुमच्या नावावर. काही इमारतींत पार्किंगला वेगळा युटिलिटी लॉट (राहण्यासाठी नसलेला हिस्सा) असतो, तिथेही लॉटचा मालक भरतो. पण चौकोन सामाईक मालमत्तेत असेल आणि बाय-लॉने (इमारतीच्या नियमाने) तुम्हाला नुसता वापराचा हक्क दिला असेल, तर कायद्याच्या नजरेत मालक ओनर्स कॉर्पोरेशन. मग बिल त्यांना जातं आणि ते बाय-लॉच्या आधाराने तुमच्याकडून वसूल करू बघतात. अशा वेळी कमिटीला न विचारता भाड्याने दिलंत तर भांडण ठरलेलं.

त्याच्याही आधी कौन्सिलची परवानगी वाचा. बऱ्याच इमारतींच्या डेव्हलपमेंट कन्सेंटमध्ये (कौन्सिलने दिलेली बांधकाम-वापराची परवानगी) अट असते की पार्किंग फक्त इमारतीतल्या रहिवाशांनी वापरायचं. ती असेल तर लेव्ही भरूनही बाहेरच्याला देणं नियमबाह्यच. लेव्हीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

बाकी रीत सरळ आहे. लेव्हीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. १ जुलैला जो मालक, त्याची जबाबदारी. रेव्हेन्यू एनएसडब्ल्यूकडे नोंदणी करायची आणि १ सप्टेंबरपर्यंत रिटर्न भरायचं. उशीर झाला की व्याज लागतं, बाजारदर अधिक ८ टक्के. कागद पाच वर्षं जपून ठेवा. फ्लॅट विकायचा झाला तर भरलेली लेव्ही सेटलमेंटच्या (व्यवहार पूर्ण होतानाच्या) हिशेबात घ्यायला कन्व्हेयन्सरला (खरेदी-विक्रीची कागदपत्रं बघणारा) आठवण करा. कौन्सिल रेट्स आणि पाणीपट्टी ते न सांगता धरतात, ही विसरतात.

इन्कम टॅक्सला भाडं उत्पन्नात दाखवायचं, लेव्ही खर्चात वजा.

निवडुंग:
दुकान किंवा ऑफिसचा गाळा असणाऱ्यांसाठी. लेव्ही मालकावर असते, भाडेकरूवर ती आपोआप जात नाही, लीजमध्ये लिहावी लागते. दुकानाची लीज रिटेल लीजेस ॲक्ट १९९४ खाली येत असेल तर डिस्क्लोजर स्टेटमेंटच्या (लीजआधी मालकाने द्यायचं माहितीपत्रक) आउटगोइंग्जच्या (भाडेकरूकडून वसूल करायचे खर्च) यादीत ती हवीच. तिथे नसेल तर नंतर मागता येत नाही. आणि मालक जीएसटीला नोंदलेला असेल तर भाडेकरूला लावताना वर १० टक्के जीएसटी चढतो. कित्येक जण सरकारी पावतीचीच रक्कम पुढे ढकलतात आणि जीएसटी आपल्या खिशातून जातो.

आवारात रेषा आखलेल्या नसतील तर क्षेत्रफळाला २५.२ चौरस मीटरने भागून जागा मोजतात, अपूर्णांक सोडून. १३० चौ. मी. म्हणजे ५ जागा. एवढ्या मोजणीतून वाचायचं असेल तर माल चढवा-उतरवायची, अपंगांची, सायकलींची जागा रंगवून, पाटी लावून वेगळी करा. नुसतं तोंडी "ही लोडिंगची आहे" चालत नाही.

कुंपण:
प्लॅनवर "पीटी" आहे, म्हणजे बिल माझंच. मग त्याच इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या जोडप्याला दुसऱ्या गाडीसाठी दिली तर? ते १५० देतील.

पाटवडी:
ते तिथेच राहतात, म्हणजे माफी शाबूत. २,४०० मधून लेव्ही वजा करण्यापेक्षा १,८०० बिनलेव्हीचे बरे, शिवाय कन्सेंटच्या अटीतही बसतं. करारात दोन ओळी घाला: जागा फक्त याच इमारतीत राहणाऱ्याने वापरायची, पोटभाड्याने द्यायची नाही, आणि इमारत सोडली की करार त्याच दिवशी संपला. गाडीचा रेगो (नोंदणी) नंबरही लिहा. नाहीतर जोडपं घर सोडून जातं, जागा मात्र ऑफिसातल्या मित्राला वापरायला देऊन ठेवतं, आणि लेव्ही तुमच्या नावावर चढते. हे सगळ्यात जास्त वेळा होतं.