तुमची पहिली गिटार कशी होती? (माळ्यावर सापडलेल्या एका गिटारीमुळे)

बकुळफूल

परवा दिवाळीच्या साफसफाईत माळा काढला. पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे माझी गिटार निघाली. २००३ सालची. एफवायला असताना शिकवण्यांच्या पैशांतून घेतलेली, १,८०० रुपयांची. मध्ये लाल आणि कडेला काळी होत गेलेली. रंग पाहूनच घेतली होती.

चार महिने रोज बसले. बोटांच्या टोकांना चिरा पडायच्या, रात्री आई कैलासजीवन लावून द्यायची. जी, सी, डी हे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) कसेबसे वाजायचे, एफ कधीच नाही. शिकवणारे म्हणाले, "तुझी बोटं नाजूक आहेत, तुझं काम नाही हे." मी ते खरं मानलं आणि गिटार माळ्यावर गेली.

समोरच्या फ्लॅटमधला मुलगा छान वाजवतो. त्याला सहज दाखवली. त्याने एक डोळा मिटून गिटारीच्या मानेवरून नजर टाकली आणि माझ्याकडे फूटपट्टी मागितली. १२ व्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्यावर) जाड तार साडेपाच मिलिमीटर उंच होती. "काकू, ही अडीच-तीनच्या आसपास हवी. मलाही दाबवत नाहीये."

वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मला संगीतातलं काही जमत नाही. तो गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता लेक ११ वर्षांची आहे आणि तिला गिटार हवी आहे. बजेट ८-१० हजार. तुमची पहिली गिटार कुठून आली, कशी निघाली, सगळं सांगा. चुका तर नक्की सांगा.

निवांत

ताई, डोळ्यांत पाणी आलं. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

मनमाडमेल

आमची धोबी तलावची. १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकान फुर्तादोज, जेर महालमधलं. वडिलांनी बोनसचे पैसे खिशात घातले आणि आम्ही पहाटेच्या गाडीने मुंबईला गेलो. मला काहीच वाजवता येत नव्हतं. वडिलांनी तिथल्या माणसाला सांगितलं, "तुम्ही तीन-चार वाजवून दाखवा, पोरगा डोळे मिटून ऐकेल." मी निवडलेली सगळ्यात साधी दिसणारी निघाली, मॅट फिनिशची. अजून आहे. वडील नाहीत.

निवांत

मनमाडमेल 🙏

लाकूडकाम

मी गेली काही वर्षं फावल्या वेळात गिटारी दुरुस्त करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

बकुळफूल, शिकवणाऱ्याने बोटांकडे बघण्याआधी गिटारीकडे बघायला हवं होतं. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त गिटारींमध्ये हेच दुखणं सर्वांत जास्त असतं. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. मानेत ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली धातूची सळई) नसेल किंवा लाकूड ओलं असतानाच गिटार बांधली असेल, तर वर्षभरात मान पुढे वाकते आणि तारा वर जातात. ब्रिजच्या (खोक्यावर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) मागचं लाकूड फुगतं, मग तारा आणखी वर.

दुकानात जाताना पंधरा सेंटीमीटरची स्टीलची पट्टी न्या. १२ व्या फ्रेटवर जाड तार अडीच ते तीन मिमी आणि सर्वांत बारीक तार दोनच्या जवळपास असावी. मग पहिल्या फ्रेटवर एकेक तार दाबा. तिथेच जोर लागत असेल तर नट (मानेच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) उंच आहे आणि एफ कॉर्ड कधीच सोपा होणार नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा, कुठे झणझण येते का. बारावा फ्रेट दाबून आलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला तोच सूर असायला हवा. दुकानदार घाई करत असेल तर बाहेर पडा.

पहिल्या गिटारीला पिकअप, इक्वलायझर (ॲम्प्लिफायरला जोडायची सोय) नको. त्याच पैशात गिटार बरी येते. खोबण असलेला कटअवे आकारही लगेच लागत नाही.

तारा बारीक घाला. बऱ्याच गिटारींवर १२ च्या मापाच्या येतात (आकडा लहान तितकी तार बारीक), त्या बदलून १० च्या घातल्या की पहिले दोन महिने निभावतात. मिळाली तर यामाहा एफ ३१० हातात घेऊन बघा. तिची तारेची लांबी ६३४ मिमी आहे, नेहमीच्या ६४८ पेक्षा किंचित कमी, त्यामुळे ताण थोडा हलका लागतो. पण ११ वर्षांच्या मुलीला तिचं खोकं मोठं पडू शकतं. मुलीला बसवून बघा. उजवा खांदा कानाकडे जात असेल तर लहान माप घ्या.

खमंग

ऑनलाइन घेतली होती. ३८ इंची. बॅग, पट्टा, तारा छेडायची पिकं, जादा तारा सगळं सोबत, २,६०० मध्ये. खुंट्या इतक्या सैल की एक गाणं संपेपर्यंत सूर उतरलेला. तीन आठवडे वाटत होतं माझा कानच वाईट. परत करायची मुदत तोवर संपली. आली त्याच दिवशी कुणा वाजवणाऱ्याला दाखवा, एवढंच.

दर्याकिनारा

रत्नागिरी. इथे पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवली की संपलं, मागून बुरशी येते. पहिली तशीच गेली. आता बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालतो आणि दर पंधरा दिवसांनी बदलतो. जून ते सप्टेंबर तारा गंजतात, वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायच्याच. आमच्याकडे आत्ता वीज नाहीये, बाकी उद्या.

संत्रानगरी

आणि आमच्या नागपुरात उलटं! मे महिन्यात लाकूड इतकं सुकतं की फ्रेटची टोकं बाजूने बाहेर येतात, हात घासला की ओरखडे. एकदा दुपारी गाडीच्या डिकीत गिटार राहिली, संध्याकाळी ब्रिज उचकटलेला. गोंद सुटला. दादाची होती, माझी नव्हती. तो आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

दर्याकिनारा

@संत्रानगरी कुलरसमोर ठेवली तर?

संत्रानगरी

कुलरची हवा फार दमट. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, केसमध्ये, ओल्या स्पंजची डबी ठेवून. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली म्हणतात.

भरलीवांगी

माझी गोष्ट बकुळफूलसारखीच. मामांची गिटार मिळाली म्हणून मी नाचत घरी आणली. मामा गिरगावात राहायचे, गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी फिरवत भावगीतं वाजवायचे. कोजागिरीला गच्चीवर सगळी चाळ ऐकायला जमायची. आजी मसाला दूध ढवळायची आणि आम्ही पोरं चारोळ्या पळवायचो... असो. ती हवाईयन गिटार, तिच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात, कारण त्या दाबायच्याच नसतात. हे मला कुणी सांगितलंच नाही. सहा महिने मी त्या तारा दाबत बसले. कुणाकडून जुनी गिटार मिळत असेल तर आधी विचारा, स्पॅनिश (तारा दाबून वाजवायची) की हवाईयन.

मनमाडमेल

गिरगावात कुठे? आमची आत्या ठाकूरद्वारला होती.

भरलीवांगी

अहो ठाकूरद्वारच! निरोप पाठवते.

काळीचार

गाणाऱ्या मुलींसाठी एक सांगते. माझी गाण्याची पट्टी काळी चार. पेटीवर सर ती पट्टी देतात, पण गिटारवर नवशिक्यांना जी, सी, डीच शिकवतात. मला ना धड वरचं जमायचं ना खालचं. मग २०० रुपयांचा कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) घेतला. पहिल्या फ्रेटवर लावला आणि जीचीच बोटं ठेवली की काळी चार. तिसऱ्या फ्रेटवर लावला की काळी पाच. बाबा काळी एकमध्ये गातात, त्यांच्यासाठी पहिल्या फ्रेटवर लावून सीची बोटं. आता आम्ही दोघं गुरुवारी संध्याकाळी बसतो. बजेटमधून कॅपोचे पैसे आधीच बाजूला ठेवा, बकुळफूल ताई.

निवांत

काळीचार, हे फारच उपयोगी. वहीत लिहून ठेवलं.

टोरोंटोकर

इथे सार्वजनिक वाचनालयाच्या एका शाखेतून पुस्तकासारखी वाद्यंही घरी नेता येतात. मुलासाठी तिथूनच गिटार आणली. त्याने रोज हातात घेतली, तेव्हा मग विकत घेतली. तुमच्याकडे निदान महिनाभर कुणाची उसनी मिळते का बघा.

डावखुरा

लेक कोणत्या हाताने जेवते/लिहिते? मी डावरा. उजवीच्या गिटारीच्या तारा उलट लावून दिल्या होत्या. नट आणि तिरपी सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) दोन्ही चुकीच्या बाजूला आल्या, सूर कधी जुळलाच नाही. डावी गिटार हवी असेल तर तीच मागवा. मी शेवटी उजवीच शिकलो, जमली.

चिंचगोळी

नायलॉनच्या तारांची गिटार का नाही सुचवत कुणी? माझ्या मुलाला नवव्या वर्षी लहान मापाची क्लासिकल घेऊन दिली. बोटं दुखली नाहीत. मान मात्र रुंद असते, नटपाशी ५२ मिमी. स्टीलच्या तारांची साधारण ४३ असते. लहान पंजाला ते जाणवतं, म्हणून छोटंच माप. आणि त्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, ब्रिज उपटून येतो.

लाकूडकाम

चिंचगोळी, बरोबर. ११ वर्षांना हा चांगला पर्याय आहे. मुलीला कोणता आवाज आवडतो ते आधी विचारा पण. तिला स्टीलची छनछन हवी असेल तर नायलॉन कोपऱ्यात पडून राहील.

बकुळफूल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री दोनपर्यंत वाचत होते.

शनिवारी गेलो. समोरचा मुलगा, लेक, मी आणि पट्टी. पाच गिटारी पाहिल्या. एक दिसायला अतिशय सुंदर होती, निळी, लेक तिच्यापाशीच उभी. मोजली तर चार मिमी. मी काही बोलले नाही, तिलाच तार दाबायला दिली. तिने दाबली, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच परत ठेवली. शेवटी लहान मापाची, स्टीलच्या तारांची, साध्या लाकडी रंगाची घेतली. ७,४००. तारा १० च्या घालून घेतल्या, सॅडल थोडी घासून घेतली. कॅपोही घेतला, काळीचार.

घरी आल्यावर ती झोपल्यावर मी हातात घेतली. जी कॉर्ड धरला. सहाही तारा वाजल्या.

लाकूडकाम, जुनीचं काय करता येईल? टाकवत नाही.

लाकूडकाम

टाकू नका. मान वाकलेली असली तरी कांडीने वाजवताना फ्रेट लागतच नाहीत. नटवर बसवायची धातूची उंच पट्टी मिळते, ती लावून हवाईयन करता येईल. ब्रिज उचललाय का तेवढं बघावं लागेल. फोटो पाठवा.

भरलीवांगी

कांडी माझ्याकडे आहे! मामांच्या दोन होत्या. पत्ता कळवा ताई, एक पाठवते.

दर्याकिनारा

वीज आली. @संत्रानगरी त्या स्पंजच्या डबीला भोकं किती मोठी पाडायची?