पीप्सच्या मेजवानीमागचा मुतखडा

सतराव्या शतकातील सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीतील खाण्यापिण्याची वर्णने म्हणजे नव्याने पैसा हाती आलेल्या लंडनच्या सरकारी अधिकाऱ्याची चंगळ, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. पैशाचा तोरा त्यात आहेच. परंतु त्याच्या एका अतिशय थाटाच्या मेजवानीचे निमित्त त्यात लक्षात घेतलेले नाही. २६ मार्च १६५८ रोजी भूल देण्याची कोणतीही सोय नसताना त्याच्या मूत्राशयातील खडा कापून काढण्यात आला, आणि त्या जीवघेण्या शस्त्रक्रियेतून वाचल्याबद्दल दरवर्षी त्या सुमारास जेवणावळ घालण्याचे त्याने ठरवले. (तो खडाही त्याने खास पेटी करवून जपून ठेवला होता.)

१६६३ साली ही मेजवानी काही दिवस लांबून ४ एप्रिलला झाली. ससा व कोंबडीचे फ्रिकासी (मांसाच्या तुकड्यांचा रस्सेदार पदार्थ), उकडलेली मेंढीची तंगडी, तीन कार्प मासे, भाजलेली कबुतरे, चार शेवंडे, तीन टार्ट आणि नाना प्रकारची वाईन, अशी यादी तो चवीने देतो. आणि हा सारा स्वयंपाक घरातल्या एकुलत्या एक मोलकरणीने नीटनेटका रांधला, याचा त्याला झालेला आनंद मला त्या पदार्थांपेक्षाही मोलाचा वाटतो.