मदत हवी आहे: लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगसाठी सीपीयू बदलू की ग्राफिक कार्ड? बजेट ४५ हजार

नमस्कार. बार्शीला आमचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंगला मिस्टर आणि माझे दीर जातात, एडिटिंग सगळं माझ्याकडे. २०१९ ला असेंबल करून घेतलेला पीसी आहे. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० चं ४ जीबीवालं कार्ड, ५०० जीबी एनव्हीएमई आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). इतकी वर्षं या मशीनने इमानाने काम केलंय, आमच्या घरचा बराचसा खर्च याच्यावरच चाललाय, त्यामुळे ते मोडीत काढायची माझी इच्छा नाही.

अडचण सुरू झाली नवीन कॅमेऱ्यापासून. जुन्या ८ बिट फुटेजमध्ये हळदीच्या कार्यक्रमात नवरीच्या चेहऱ्यावरचा पिवळा रंग जरा खाली-वर केला की चट्टे पडायचे, आणि मांडवातल्या जांभळ्या एलईडीखाली शालूचा रंग तर हमखास बिघडायचा. म्हणून मिस्टरांनी सोनीचा ए सेव्हन फोर घेतला आणि १० बिट ४:२:२ वर (यात रंगाची माहिती बरीच जास्त साठते) शूट करायला लागले. रंग खरंच फार सुंदर येतात, हिरवा चुडा हिरवाच दिसतो. पण प्रीमिअरमध्ये (माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) क्लिप टाकून प्ले केलं की दोन सेकंद चालतं आणि मग आवाज पुढे जातो, चित्र तिथंच थांबतं. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (दोन्ही क्लिप एकाच वेळी शेजारी चालवणं) लावलं की माऊससुद्धा हलत नाही.

प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवते, ते आधीच सांगते. एका लग्नाच्या प्रॉक्सी रात्रभर बनत बसतात, मध्येच लाईट गेली आणि यूपीएस संपला की राहिलेल्या क्लिप सकाळी परत लावायच्या, डिस्कवर जागा जाते ती वेगळीच. आत्ता सहा लग्नं पेंडिंग आहेत आणि लोक फोन करून विचारतात तेव्हा फार कसंतरी होतं हो.

दोन दुकानांतून कोटेशन घेतलं. पहिला म्हणतो बोर्ड आणि सीपीयू बदला, आय५ १२४००एफ आणि एच६१० चा डीडीआर४ बोर्ड, जुनी रॅम चालेल. दुसरा म्हणतो बोर्ड राहू द्या, बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स बसवतो आणि वापरलेलं आरटीएक्स ३०६० १२ जीबी देतो. डीडीआर५ वाली सिस्टीम मी स्वतःच बाद केली, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की अर्धं बजेट तिथंच जाईल.

आता माझा खरा प्रश्न. यूट्यूबवर दोघांच्याही तुलना भरपूर आहेत, पण सगळ्या गेमच्या. अमुक गेममध्ये इतके एफपीएस, तमुक स्कोअर इतका. मला गेम खेळायचाच नाही, मला स्पेसबार दाबल्यावर चित्र न अडकता चाललेलं हवंय. ते कुठल्या आकड्यावरून ओळखायचं? ३०६० चा स्कोअर माझ्या १६५० च्या दुपटीहून जास्त दाखवतात, म्हणून माझं कामही दुप्पट वेगाने होईल का?

एक गोष्ट मी करून बघितली. टास्क मॅनेजर उघडून जीपीयूमधला (ग्राफिक कार्डमधला) व्हिडिओ डीकोडचा, म्हणजे दाबून साठवलेली क्लिप उलगडण्याच्या कामाचा, ग्राफ बघत बसले. जुन्या कॅमेऱ्याची क्लिप लावली की तो ग्राफ वर जातो आणि सीपीयू निवांत असतो. नव्या कॅमेऱ्याची लावली की तो ग्राफ शून्यावर आणि सीपीयू शंभर टक्के. म्हणजे कार्ड त्या क्लिपला हातच लावत नाहीये असं मला वाटतंय. बरोबर आहे का? आणि मग ३०६० तरी लावेल का? जाणकारांनी प्लीज सांगा, पैसे एकदाच घालता येणार आहेत.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही टेस्ट अगदी बरोबर केली आहे आणि निष्कर्षही बरोबर आहे. ३०६० अजिबात घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नाही. एनव्हीडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या कुठल्याच कार्डमध्ये ४:२:२ डीकोड करायचं सर्किटच नाहीये, ३०६० काय आणि ४०९० काय, ती क्लिप सीपीयूच्याच गळ्यात पडणार. इफेक्ट आणि कलर करताना ३०६० फरक पाडेल, पण तुमची गाडी त्याच्या आधीच अडतेय.

पहिल्या कोटेशनमध्येही एक घोळ आहे. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडिओ डीकोड करणारा भाग) ४:२:२ १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) सहज डीकोड करतं, पण १२४००एफ मधला एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. नेमकी तुम्हाला हवी ती गोष्टच त्यात नाही. बिना एफचा १२४०० मागा, फरक फार नसतो. कार्ड लावलेलं असताना बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवावं लागतं, दुकानदाराकडून तेवढं करून घ्या.

प्रतिसाद २

वरच्या दादांचं बरोबर आहे, पण ताई पैसे द्यायच्या आधी एक बघा. एकाच कॅमेऱ्यात दोन प्रकारच्या फाईल असतात. एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी, आणि एक्सएव्हीसी एस म्हणजे जुनं एच.२६४. मेनूमध्ये दोन्हीच्या समोर ४:२:२ १० बिट लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात. १२४०० चं क्विक सिंक फक्त पहिलं सोडवतं, एच.२६४ मधलं ४:२:२ त्याला येत नाही. मिडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात क्लिप टाका. फॉरमॅटपुढे एव्हीसी आलं तर एच.२६४, एचईव्हीसी आलं तर सुटलात. आरटीएक्स ५० सिरीज दोन्ही डीकोड करते, फक्त प्रीमिअर नवीन व्हर्जनचं लागेल.

माझं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २ मुळे मोठं नुकसान टळलं असं वाटतंय, कारण मी बिना एफच्या १२४०० चा ॲडव्हान्स द्यायला निघालेच होते.

काल रात्री मिडियाइन्फो टाकून सहाही लग्नांच्या क्लिप तपासल्या. सगळ्यांना एव्हीसी, हाय ४:२:२, १० बिट. मिस्टरांना विचारलं तर म्हणाले मी २५ फ्रेमवर शूट करतो, आणि आमच्या कॅमेऱ्यात एचएस प्रकारात २५ फ्रेम येतच नाही, ५० घ्यावी लागते. म्हणजे पुढच्या लग्नांना ५० फ्रेमवर एचएस लावता येईल, पण ही सहा आहेत तशीच राहणार, आणि दिरांच्या कॅमेऱ्याचं २५ फ्रेमचं फुटेज त्यात मिसळायचं म्हणजे वेगळीच कटकट.

त्यामुळे आता बोर्ड-सीपीयू आहे तेच ठेवून आरटीएक्स ५०६० घ्यावं असं मन होतंय. पण तीन शंका आहेत. एक, कार्ड पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारा स्लॉट) ५.० चं पण आठच लेनचं (डेटा जायच्या वाटा) आहे आणि माझा बोर्ड ३.०, म्हणजे रस्ता बराच अरुंद होणार. ८ जीबी मेमरी भरून कार्डला रॅमकडे जावं लागलं की हे जाणवतं असं वाचलं. ४के च्या दोन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅममध्ये ८ जीबी भरते का? दोन, कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, कार्ड स्वतः १४५ वॅट घेतं, माझा ४५० वॅटचा आणि तोही २०१९ चा. तो बदलायचाच असं धरून चाललेय, पण मग ६०० व्हीएचा यूपीएस एक्सपोर्ट चालू असताना तग धरेल का? आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचा भरवसा नसतो आणि नेमकी तेव्हाच लग्नं.

तीन, यातून १०-१२ हजार उरले तर ते वापरलेल्या रायझन ५ ५६०० वर घालू की अजून १६ जीबी रॅमवर? वार्प स्टॅबिलायझर (हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) लावला की अजूनही सीपीयूच तापतो, आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये टायटल करताना रॅम संपल्याचा मेसेज येतो, दोन्ही त्रास रोजचेच आहेत.

बी४५० बोर्डवर ५० सिरीजचं कार्ड कुणी खरंच वापरत असेल तर प्लीज तुमची सिस्टीम सांगा, आणि जमलं तर ४:२:२ ची एखादी क्लिप चालवून टास्क मॅनेजरचा डीकोडचा ग्राफ कुठे जातो ते बघून कळवा. मंगळवारी दीर पुण्याला जाणार आहेत, तोवर ठरवायचंय.