मदत हवी आहे : पुराच्या सॅकमधून काय काढू?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, पंचगंगा चालत दहा मिनिटांवर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे पाठ आहे. तरी २०१९ ला आईला घेऊन बोटीत बसलो तेव्हा माझ्या हातात काय, तर मोबाईलचा चार्जर. वीजच नव्हती!

आता भाचा म्हणतो, जग बुडालं तरी तीन दिवस निघतील अशी सॅक भर. भरली. सहा लिटर पाणी, भडंग, फुटाणे, ओआरएस, मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध), टॉर्च, शिट्टी, दोरी, आणि दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. वजन चौदा किलो. जिना उतरतानाच धाप लागली, छातीभर पाण्यात काय चालणार? पाणी कमी करून मेडिक्लोरवर भिस्त ठेवू का? पण पुराच्या गढूळ पाण्याला ते कितपत पुरतं?

खरी काळजी आईच्या इन्सुलिनची. चालू कुपी बाहेर साधारण २८ दिवस टिकते म्हणतात, पण न उघडलेल्या दोन कुप्यांचं काय? इन्सुलिन गार ठेवायची ओल्या फडक्याची किंवा मडक्याची युक्ती पावसाळी दमट हवेत चालते का? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.