आउटलूकची फाइल ४१ जीबीवर गेली आहे, सल्ला हवा

हिशेबनीस_नाशिक:
नमस्कार मंडळी. जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करणारं आमचं छोटं ऑफिस आहे. आउटलूक २०१६, पॉप अकाउंट, म्हणजे सगळा मेल एकाच पीएसटी फाइलीत. ती आता ४१ जीबी झाली आहे. आउटलूक उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, सर्च केलं की 'नॉट रिस्पॉन्डिंग'. जुने मेल ढिगाने उडवले, डिलीटेड आयटम्स रिकामं केलं, तरी फाइल तेवढीच! रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) फाइलच्या आकाराची मर्यादा वाढवता येते म्हणतात. वाढवू का? क्लायंटचे जुने मेल मात्र जायला नकोत.

तारेवरचा_माणूस:
मर्यादेला हात लावू नका. आउटलूक २०१० पासून ती मुळातच ५० जीबी आहे (२००३ आणि २००७ ला २० होती). वाढवलीत तर फाइल आणखी सुस्त होईल, एवढंच.

मेल उडवला की फाइलीच्या आत जागा मोकळी होते, पण ती विंडोजला परत मिळत नाही. आउटलूक नुसतं उघडं असताना फाइल हळूहळू आवळत असतं, पण ऑफिसात ते नुसतं कधी असतं? हातानेच करा: फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, तुमची पीएसटी, सेटिंग्ज, कॉम्पॅक्ट नाउ. त्याआधी आउटलूक बंद करून फाइलची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉम्पॅक्टला बराच वेळ लागेल, संध्याकाळी लावून घरी जा. मशीन स्लीपला जाणार नाही तेवढं बघा.

प्राजक्ता_ठाणे:
कॉम्पॅक्ट शेवटी करा, आधी अटॅचमेंट्स काढा. फोल्डर साइझ बघा (पीएसटीच्या नावावर राइट क्लिक, डेटा फाइल प्रॉपर्टीज). सेंट आयटम्सकडे कुणाचं लक्षच नसतं. मेल साइझप्रमाणे लावले की ५ एमबीच्या वरचे 'एनॉर्मस' गटात येतात. अटॅचमेंट क्लायंटच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, मग 'रिमूव्ह अटॅचमेंट'. मेलचा मजकूर जागेवर राहतो.

हिशेबनीस_नाशिक:
ताई, सेंट आयटम्स १७ जीबी निघालं! मोबाइलवर स्कॅन केलेली एकेक बॅलन्स शीट ११-१२ एमबी, आणि तीच फॉरवर्ड होत होत चार ठिकाणी. जुनी वर्षं ऑटोआर्काइव्हला (जुने मेल आपोआप वेगळ्या फाइलीत हलवणारी सोय) लावून ती फाइल ऑफिसच्या नॅसवर (नेटवर्कवरची सगळ्यांची डिस्क) ठेवली तर? ऑफिसातल्या दोघांनाही बघता येईल.

तारेवरचा_माणूस:
नॅसवर अजिबात नको. नेटवर्कवरून पीएसटी वापरणं मायक्रोसॉफ्टलाही मान्य नाही, आणि एका वेळी दोघांना ती उघडताही येत नाही. मध्येच कनेक्शन तुटलं की फाइल खराब, मग स्कॅनपीएसटी (पीएसटी दुरुस्त करायचं टूल) चालवत बसा. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येही नको. नॅसवर बॅकअपची कॉपी खुशाल ठेवा.

ऑटोआर्काइव्हची एक गंमत आहे. मेल आल्याची तारीख आणि त्यात शेवटचा बदल झाल्याची तारीख, यातली जी नंतरची ती ते धरतं. म्हणजे आज अटॅचमेंट काढलेला २०१९ चा मेल त्याच्या लेखी आजचा! त्यापेक्षा आर्थिक वर्षाप्रमाणे वेगळ्या पीएसटी करा आणि मेल स्वतः ओढून टाका. लागेल तेव्हा उघडायची, काम झालं की 'क्लोज' करायची.

कोकणी_बाबू:
आमच्याकडे एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आहे, ओएसटी फाइल फुगली आहे. हेच करायचं का?

प्राजक्ता_ठाणे:
नाही बाबू. तुमचा मेल सर्व्हरवर आहे, ओएसटी ही त्याची नक्कल. अकाउंटच्या 'चेंज'मध्ये ऑफलाइनचा स्लायडर १२ महिन्यांवर आणा आणि आउटलूक बंद करून चालू करा. इथे मेल उडवलात तर सर्व्हरवरूनही जाईल हं!