न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं ओळखायला आईला कसं शिकवायचं?

पुनर्वसन कार्यकर्ती, खानापूर तालुका
सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलांच्या आयांसाठी दोन तासांचं प्रशिक्षण ठरवतेय. “का रडालंय कळंना” हीच सगळ्यांची अडचण. दवाखान्यात दुखणं मोजायला वापरतात ती गुणांची पट्टी शिकवावी का? काहींना मराठी वाचता येतं, काहींना फक्त कन्नड, काहींना दोन्ही नाही.

फिजिओ, बेळगाव
सुधारित ‘फ्लॅक’ पट्टी शिकवा. चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. पण निम्मा वेळ एकाच गोष्टीला द्या: मूल बरं असताना कसं असतं. स्पॅस्टिक, म्हणजे स्नायू कायम आखडलेल्या मुलाचे पाय एरवीही ताठच असतात, म्हणजे त्याला रोजच गुण पडणार आणि खरं दुखणं त्यात बुडणार. म्हणूनच सुधारित पट्टीत मुलाच्या स्वतःच्या खुणा लिहायच्या असतात. काही मुलं दुखलं की हसतात, काही एकदम गप्प होऊन श्वास रोखतात. ‘शांत आहे, म्हणजे बरं आहे’ हा समज आधी मोडायला हवा. वाचता न येणाऱ्या आयांनी मोबाइलमध्ये दोन व्हिडिओ ठेवावेत, निवांत असतानाचा आणि दुखत असतानाचा. डॉक्टरांनाही ते उपयोगी पडतात.

पुनर्वसन कार्यकर्ती
हे जमेल. औषधाबद्दल किती सांगावं?

बालरोग विभागातील नर्स
माप नक्की शिकवा. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलं असेल तर एका वेळी साधारण वजनाच्या किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेसात मिली, २५० असलेल्याचे ३.६ मिली. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की डोस दुपटीवर जातो. घरातला चमचा नको, सिरिंज वापरा. ही मुलं वयाच्या मानानं बरीचदा हलकी असतात, त्यामुळे डोस वयावरून नको. आईला मूल घेऊन काट्यावर उभं करा, मग एकटीला. फरक म्हणजे मुलाचं वजन. सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकत्र देऊ नये.

फिजिओ, बेळगाव
औषधाआधी कारण बघायला शिकवा. शी किती दिवस झाली नाही, दात किडलाय का, कान दुखतोय का, खाल्ल्यावर लगेच आडवं केलं का. कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा) काढल्यावर अर्ध्या तासातही लाली जात नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत घालू नका. लंगोट बदलताना मांडी फाकवली की रडत असेल, तर खुब्याचा एक्स-रे हवा. खुबा निसटत असू शकतो. तिथं जोरानं चोळू किंवा ताणू नये. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात. पाय अचानक सुजला, हलवू देईना, तर मार लागल्याचं आठवत नसलं तरी फ्रॅक्चर समजून, पाय न हलवता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हिरवी उलटी किंवा फुगलेलं कडक पोट दिसलं तर क्षणभरही थांबू नये.